प्रकृती ठीक

"ते घरात नायत," हुस्नबानो भाभी फोनवर म्हणाल्या, आणि त्यांच्या मागून मन्सूरनं विचारलं, "कोनाचा फोन हाय?"

मन्सूर माझा कॉलेजातला मित्र. गेल्या गणपतीच्या सुमारास त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून त्याला पलंगावरून खुर्चीत आणायला दोन माणसं लागतात आणि खुर्चीतून पुन्हा पलंगावर न्यायला तीन, कारण तेव्हा तो शिव्या देतो. असा माणूस गुरुवारी सकाळी अकरा वाजता घरात नसणं ही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं मोठीच मजल होती, आणि भाभींचं अभिनंदन करायला मी तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी फोनवर हात ठेवला. फोनवर हात ठेवल्याचा एक आवाज असतो, शंख कानाला लावल्यासारखा. त्या आवाजाच्या आत माणसं तुमच्याबद्दल बोलत असतात. मग फोन आमनानं घेतला. आमना मन्सूरची मुलगी, रोह्याला शाळेत शिकवते, आता चाळिशीला आली. "काका, अब्बा झोपलेत," ती म्हणाली. म्हणजे एकाच घरात एकच माणूस एकाच वेळी बाहेर गेलेला, झोपलेला आणि फोन कोणाचा म्हणून विचारणारा. "बरं, मग उद्या येतो," मी म्हटलं. "उद्या नको." "परवा?" "काका, तुम्ही फोनच करत जा ना. इतक्या लांब कशाला त्रास घेता?" पेण ते रोहा, एसटीनं तास-सव्वा तास. पंचेचाळीस वर्षांत हे अंतर कोणाला लांब वाटलं नव्हतं.

फोन ठेवून मी तसाच बसून राहिलो. शेजारच्या कारखान्यात गणपतींना पॉलिश पेपर मारत होते. तो खर्र खर्र आवाज आणि ती बारीक पांढरी धूळ आमच्या घरात बारा महिने असते, पेणच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी ती जिभेवर लागली. त्या दोघी खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही. बत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढलेल्या माणसाला 'साहेब जागेवर नाहीत' हे वाक्य नव्यानं कोण ऐकवणार, ते मीच लोकांना ऐकवत आलो. मला लागलं ते पुढचं. "कोनाचा फोन हाय?" या प्रश्नाला त्या घरात कोणीतरी उत्तर दिलं असणार. माझं नाव घेतलं असणार. आणि नाव ऐकल्यावर मन्सूर 'दे इकडं' म्हणाला नाही. माझ्या नावानंतरची ती गप्प जागा मला फोनमधून ऐकू आली, आणि तिच्यात मी बराच वेळ बसून होतो.

चंद्रावती वालाच्या शेंगा सोलत होती. नवऱ्याचा चेहरा न बघता त्याच्यावर बोलायची बायकांची एक पद्धत असते. "घरात घेत नाहीत ना? मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"अहो, सगळ्या पेणला माहीत आहे. तुमच्या वर्गातल्या शिवालाच विचारा. परवा बाजारात तुम्हाला बघून तो मटणाच्या दुकानात शिरला. माळ आहे त्याच्या गळ्यात."

आमची बॅच सत्याहत्तरची. बॅच म्हणजे काही आपोआप टिकणारी वस्तू नाही. टिकवणारा एक लागतो. बाकीचे नुसते जगत असतात. आमच्यात तो एक मी. वर्गातल्या, मी धरून, एकतीस जणांचे पत्ते माझ्याकडे होते, मग लँडलाइनचे नंबर, मग मोबाइल. दिवाळीला आणि ईदला मी कार्डं पाठवली, लग्नांना गेलो, बारशांना गेलो. कोणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, कोणाचा मुलगा मस्कतहून फोन करत नाही, कोणाचं प्रोस्टेट आणि कोणाचा मोतीबिंदू, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळे. व्हॉट्सअ‍ॅप आलं तेव्हा ग्रुप मीच काढला. मी निवृत्त झालो, बाकीचेही होत गेले आणि आजारी पडू लागले, आणि मी भेटी सुरू केल्या. भेटीची माझी एक पद्धत आहे. अर्धा तास बसायचं, चहा घ्यायचा, गोळ्यांची नावं विचारायची, निघताना डावा हात मित्राच्या खांद्यावर टाकायचा आणि उजव्या हातानं फोन धरून दोघांचा फोटो काढायचा. रस्त्यावर आलो की तो ग्रुपवर टाकायचा, खाली एक ओळ: "आज आमचे वर्गमित्र अमुक अमुक यांची भेट घेतली. प्रकृती ठीक." ही ओळ मी एकदाच विचार करून तयार केली. पुन्हा विचार करावा लागला नाही.

आता माणूस गेला की ग्रुपवर श्रद्धांजलीचं चित्र लागतं. गुलाबांची चौकट, दोन समया, मध्ये फोटो. घरच्यांना त्या गडबडीत फोटो सापडत नाही; सापडला तर तो लग्नातला असतो, पाठीमागे जेवणाची पंगत. माझ्याकडे ताजा असे. त्यातून मी मला कापून काढत असे. पण खांद्यावरचा हात कापता येत नाही. तो कापायचा म्हटलं तर मयताचा खांदा जातो. म्हणून आमच्या बॅचमधल्या प्रत्येक स्वर्गवासी माणसाच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आणि कचेरीनं निरोपाला दिलेलं घड्याळ आहे. नीट पाहिलं तर किती वाजले तेही दिसतं. गागोद्याकडचा हैबतराव दहा वीसला आहे. खारेपाटातला काळुराम, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर काम, तो पावणेपाचला.

हैबतराव भेटीनंतर सहाव्या दिवशी गेला. काळुराम तिसऱ्या. यात विशेष काय? मी जातो तेच आजारी माणसाकडे. ठणठणीत माणसाकडे जायचं तर तो आधी घरी सापडायला हवा. पण मग कान्हू गेला. त्याच्या नातवाच्या बारशाला मी गेलो होतो, माणूस टुणटुणीत, स्वतः बुंदी वाढत होता, मी सवयीनं खांद्यावर हात टाकला, सवयीनं फोटो काढला, सवयीनं खाली लिहिलं. नवव्या दिवशी कान्हू अंगणात बसल्या बसल्या गेला. त्यानंतर लोक मला आपली प्रकृती सांगेनासे झाले. शिवाला मधुमेह झालेला मला त्याच्या मेडिकलवाल्याकडून कळला. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "कमळ्या, ये की. चहा पी. पण फोटो नको बाबा." आणि हसला. हसण्याच्या शेवटी त्याचा आवाज थोडा चिरकला.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे इथं सांगायला हवं. मांजर आडवं गेलं तर मी त्याला वाट देतो, एवढंच.

एक मात्र आहे, आणि ते मी चंद्रावतीलाही सांगितलेलं नाही. निधनाची बातमी टाकली की ग्रुपवर आधी एक शांतता येते. नावापुढे निळ्या खुणा उमटतात, म्हणजे माणसांनी वाचलं आहे, पण कोणी काही लिहीत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो. दोन मिनिटं, कधी चार. मग कोणीतरी एकजण जोडलेले हात पाठवतो आणि मग धडाधड सगळे हात जोडतात. एकतीसपैकी अकरा गेले. अकरा वेळा मी ती शांतता हातात धरून बसलो आहे. ती मला नवीन नव्हती. मी तिला ओळखत होतो, सत्याहत्तर सालच्या फेब्रुवारीपासून.

कॉलेज तेव्हा नुकतंच सुरू झालेलं, दुपारनंतर एका शाळेच्या इमारतीत भरायचं, आणि बाकं शाळेतल्या पोरांच्या गुडघ्यांच्या मापाची होती. रोह्याकडून येणाऱ्यांची एसटी कायम उशिरा. पहिल्या तासाला सर हजेरी घ्यायचे, मान वर न करता, आणि रोह्याच्या सात जणांची हजेरी मी लावायचो. सात आवाज. एकाचा घोगरा, एकाचा नाकातला, आणि बेचाळीस नंबर मन्सूरचा, जरा लांबवलेला, गाण्याची पहिली ओळ उचलल्यासारखा: "हाज्जर सर." मुली तोंडाला रुमाल लावायच्या. माझ्या स्वतःच्या आवाजाकडे कोणी कधी वळून पाहिलं नाही, पण मन्सूरच्या आवाजाला मागच्या बाकापर्यंत हसू पसरायचं. तो नसतानाही ते हसू त्याचंच असायचं. तो आत आला की पोरी अजून हसत असायच्या, आणि त्याला वाटायचं की त्याला बघून हसतायत. बहुतेक तसंच होतं.

एका सोमवारी सर म्हणाले, "बेचाळीस," आणि मी ओ दिली नाही. ठरवलं नव्हतं. सर थांबले. पेन्सिलीचं टोक वहीवर टेकलेलं. "बेचाळीस?" सगळा वर्ग माझ्याकडे न बघता माझी वाट पाहत होता. खिडकीबाहेर कोणीतरी विहिरीवर रहाट ओढत होतं, आणि मला असं वाटलं की त्या रहाटाचा आवाजसुद्धा माझ्या हातात आहे, मी तोंड उघडलं तर तो थांबेल. एक माणूस आहे आणि नाही याच्या मध्ये कुठंतरी लोंबकळत होता, आणि दोरी माझ्याकडे होती. मग सरांनी फुली मारली. पुढचा दिवस, तेच. मी बारा दिवस ओ दिली नाही. मला मन्सूरचा राग नव्हता. राग असता तर गोष्ट सोपी होती. मला त्या शांततेची चटक लागली होती. मार्चात परीक्षेला बसू न दिलेल्या मुलांची यादी लागली, त्यात बेचाळीस नंबर होता. तीन तास कमी पडले होते. त्याचा मामू कुवेतला होता, त्यानं व्हिसा पाठवला. मी पेणच्या स्टँडवर निरोप द्यायला गेलो, पोह्यांचे पापड घेऊन. बाकी कोणी आलं नव्हतं. मन्सूरनं मला मिठी मारली आणि म्हणाला, "कमळ्या, तूच एक आलास." चाळीस वर्षं तो तिकडं राहिला, रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावात घर बांधलं, मुलांना शिकवलं. पदवी मिळाली असती तर माझ्याबरोबर कचेरीत फायली शिवत बसला असता. हा हिशेब मी स्वतःला इतक्या वेळा सांगितला आहे की आता तो मला पाठ आहे आणि त्यामुळेच पटत नाही.

शनिवारी मी न कळवता निघालो. चंद्रावतीनं विचारलं नाही. तिनं वालाची डब्यात घातलेली उसळ माझ्या हातात दिली, म्हणजे मी कुठं चाललो हे तिला कळलं होतं. एसटीत खिडकीशी बसलो. वडखळपर्यंत धूळ, मग नागोठणे, मग तो वळणांचा रस्ता. मी स्वतःशी तोंडी तयारी करत होतो, पण कशाची ते नक्की होत नव्हतं. फोनच्या पहिल्या घंटीला 'बोल कमळ्या' म्हणणारा माणूस बॅचमध्ये मन्सूर हा एकच उरला होता. त्यानं दार उघडलं तर बाकीचे खुळे ठरणार होते, मटणाच्या दुकानात शिरणारे. त्यानं उघडलं नाही तर मी ते जे म्हणतात तो ठरणार होतो. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला आपण कोण ते एसटीनं जाऊन विचारून यावं लागतं, हे कोणी आधी सांगत नाही. रोह्याच्या स्टँडवर उतरलो, बाजारातून चालत निघालो, पूल ओलांडला. कुंडलिकेला ओहोटी होती. पुलाच्या मध्यावर मला थोडं दमल्यासारखं झालं आणि मी कठड्याला हात लावला. ऊन होतं. दुसरं काही नाही.

दार भाभींनीच उघडलं. डोक्यावरचा पदर सारखा करायला गेलेला त्यांचा हात तिथंच राहिला. "या अल्ला. तुम्ही!"

"भाभी, मन्सूर आला का घरी?" मी विचारलं. "परवा बाहेर गेला होता."

त्यांचा चेहरा पडला आणि मला जरा बरं वाटलं. आमना आतून आली, शाळेतून नुकतीच आलेली, खांद्यावर पर्स तशीच. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे. "काका, राग मानू नका. आत या. पण फोन इथं ठेवा."

मी फोन दिला. तिनं तो फ्रिजवर ठेवला.

"आणि घड्याळ."

"घड्याळानं काय होतं ग?"

"काही होत नाही, काका. मला ठाऊक आहे काही होत नाही. मी शास्त्र शिकवते. तरी काढा."

मी घड्याळ काढलं. मनगटावर पांढरा पट्टा होता, केस उडालेला. दहा वर्षांत तिथं ऊन लागलं नव्हतं. एखाद्याचं अंग उघडं पडावं तसं मला झालं आणि मी तो हात पाठीमागे धरून आत गेलो.

मन्सूर खिडकीशी खुर्चीत होता. चेहऱ्याची एक बाजू म्हाताऱ्याची आणि एक मन्सूरची. "आला काय रं यमाचा कारकून?" तो म्हणाला. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून यायचे, ओले. मी म्हटलं, "आलो. सही-शिक्का बाकी आहे." तो अर्धा हसला. खरंच अर्धा. दार उघडलं होतं; मी आत होतो; बाकीचे खुळे होते. मी स्टूल ओढून बसलो, भाभींनी चहा आणला, मी गोळ्यांची नावं विचारली. उसळीचा डबा त्यानं उजव्या हातानं उघडून हुंगला. "चंद्रावतीच्या हातची. तू नाय करायचास."

"कोन कोन ऱ्हायलाय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. वीस जणांची यादी मला झोपेतही येते. "आणि हैबतराव."

"हैबत्या मेला ना?"

"मेला. पण त्याचा नंबर सुनेकडं आहे, रंभाकडं. ती रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवते. ग्रुपवर नाव हैबतरावाचंच येतं. मी बदललं नाही. बॅचमधून कोणाला काढायचं नाही, असा नियम आहे माझा."

"नियम," मन्सूर म्हणाला. तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर नारळाच्या झावळ्या वाळत टाकल्या होत्या. तो बाहेरच बघत म्हणाला, "बेचालीस."

मी चहाचा कप बशीत ठेवला. बशी वाजली.

"बेचालीस नंबर. बारा दिवस. कान्हूनं मला तवाच सांगितलं, यादी लागली त्याच दिवशी. तुज्या मागच्याच बाकावर होता तो."

"तू स्टँडवर मला मिठी मारलीस."

"मारली. मंग काय तुला स्टँडवर हानू? मानसं होती." त्याची लाळ ओघळली, आमनानं पुसली, तो तिच्या हातावर खेकसला. "आन् मंग कुवेतला टपालानं तुजी खतं यायची. दर महिन्याला. कोन मेला, कोनाला पोरगा झाला. दुसरा कोन लिवत होता? कोन नाय. मी म्हनायचो, या खतात तरी लिवील. पुढच्या खतात लिवील. पंचेचालीस वर्सं सगल्यांची खबर दिलीस रं कमळ्या. ही एक नाय दिलीस."

भाभी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनाही ठाऊक होतं, आमनालाही. या घरात मी मन्सूरच्या मुलाच्या, अब्दुलच्या लग्नात वाढायला उभा राहिलो होतो, पहिल्या नातीला पाळण्यात घातलं तेव्हा नाव सुचवलं होतं, आणि प्रत्येक वेळी हे सगळे मला बघत होते आणि त्यांना ठाऊक होतं.

"का केलंस?" मन्सूरनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. उत्सुकता होती, म्हाताऱ्या माणसाला विहिरीत वाकून बघताना असते तशी.

मला सांगता आलं असतं. ती पेन्सिल, तो रहाट, ती लोंबती दोरी. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सांगण्याच्या अगदी तोंडाशी होतो, आणि ऐकून घेणारा जगातला एकच माणूस माझ्यासमोर खुर्चीत बांधल्यासारखा बसला होता, त्याला उठून जाताही येत नव्हतं. खोलीत शांतता झाली. सगळे माझी वाट पाहत होते. आणि मला, देवाशपथ, त्यातही किंचित बरं वाटलं.

"माझा घसा बसला होता," मी म्हटलं. "त्या दिवसांत."

"बारा दिवस?"

"बारा दिवस."

"सात जनांत माजाच आवाज बसला," मन्सूर म्हणाला. मग तो हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला, आणि भाभी धावल्या, आमनानं पाठ चोळली, आणि मी स्टूलावर बसून राहिलो, हात पाठीमागे. ठसका थांबल्यावर तो म्हणाला, "आमना, फोन आन."

"अब्बा, नको."

"त्याचा नको. माजा आन."

तिनं आणला. तो म्हणाला, "कमळ्या, इकडं ये. असा. खुर्चीला टेक." मी त्याच्या डाव्या बाजूला खाली बसलो, जमिनीवर, गुडघे कुरकुरले. त्यानं उजव्या हातानं स्वतःचा डावा हात मांडीवरून उचलला. एखादी वस्तू उचलतात तसा, मनगटाला धरून. बोटं आत वळलेली होती. तो हात त्यानं माझ्या मानेमागून पलीकडच्या, डाव्या खांद्यावर ठेवला आणि सोडला. मेलेल्या हाताला इतकं वजन असतं हे मला माहीत नव्हतं. जिवंत हात खांद्यावर टेकतो तेव्हा तो स्वतःचं थोडं वजन स्वतः उचलत असतो. हा काहीच उचलत नव्हता. तो थंडही नव्हता, कोमट होता, चहाच्या कपासारखा.

"हस," मन्सूर म्हणाला. "तू सगल्यांना सांगतोस ना, हस म्हनून."

मी हसलो. आमनानं फोटो काढला. मग हात उतरवायचा राहिला, कारण मन्सूरला आता दम लागला होता, आणि मला तो आपण होऊन उचलून बाजूला ठेवावा की काय कळेना. शेवटी भाभींनी तो उचलून त्याच्या मांडीवर परत नेऊन ठेवला. "जा आता," मन्सूर म्हणाला. "साडेतीनची गाडी मिलंल. डबा ऱ्हाऊ दे. धुवून धाडतो." मी दारात पोचलो तेव्हा तो आमनाला सांगत होता, "लिव. तसंच लिव. त्याचंच लिव." फ्रिजवरून फोन घेतला, घड्याळ घेतलं. घड्याळ मनगटावर लागेना. पट्टाच आखडला असावा. मी ते खिशात टाकलं.

पुलावर फोन वाजला. मी पुन्हा त्याच मध्यावर होतो. डावा खांदा अजून खाली ओढल्यासारखा वाटत होता आणि तिथून एक बारीक कळ कोपरापर्यंत येऊन थांबत होती. जमिनीवर बसण्याची सवय राहिली नाही. मी कठड्याला टेकून फोन उघडला. बॅच सत्याहत्तर. मन्सूरच्या नावानं आलेलं. फोटो, आणि खाली: "आज आमचे वर्गमित्र कमळाकर यांची भेट घेतली. प्रकृती ठीक."

माझीच ओळ. तिच्यात माझं नाव होतं म्हणून ती मला दोनदा वाचावी लागली. फोटो चांगला आला होता, हे या कामातला माणूस म्हणून मी सांगू शकतो. चेहऱ्यावर उजेड, डोक्यावर हारापुरती जागा. मन्सूर अगदी कडेला होता, सहज कापता आला असता. हात राहिला असता.

दुसऱ्याच्या मेसेजच्या निळ्या खुणा मला दिसत नाहीत, पण वर 'शिवा टाइप करतोय' असं आलं आणि गेलं. म्हणजे त्यानं वाचलं होतं. मग आणखी चौघांचं तसंच आलं आणि गेलं. पाठवलं कोणीच नाही. मी उभा राहिलो. खाली ओहोटीच्या चिखलात खेकडे आपल्या बिळांशी येत होते, थांबत होते, आत जात होते. मी ती शांतता बाहेरून अकरा वेळा पाहिली होती. आतून ती वेगळीच असते. आतून तिच्यात काहीही लोंबकळत नसतं, फक्त एक माणूस आपलं नाव घेतलं गेल्यानंतर उभा असतो. एक मिनिट. तीन मिनिटं. मला वाटलं आपणच काहीतरी लिहावं. काहीतरी विनोदी. मी अंगठा अक्षरांवर ठेवला. 'हजर' एवढं लिहिलं. मग ते कोणाच्या आवाजात वाचलं जाईल ते ठरेना, आणि मी ते खोडलं.

चौथ्या मिनिटाला शिवाचे हात आले. जोडलेले. मग दुसरे. मग धडाधड, एकाखाली एक, इतके पटापट की नावं वर सरकत दिसेनाशी व्हायची, आणि मी सवयीनं मोजत गेलो. अठरा झाले. मन्सूर आणि मी सोडून जिवंत होते तेवढे सगळे. मी फोन खिशात टाकणार, तोच तो पुन्हा वाजला. फुलांच्या चित्रासकट एकोणिसावे हात आले होते.

हैबतरावाचे.